गोठ्यातला जानवसा

पोटासाठी माणूस काहीतरी धरतोच. कोणी नांगर धरतो, कोणी तराजू, कोणी साहेबाचे पाय. मी डास धरले. मारायचे नाहीत, जिवंत धरायचे. कर्जतला हिवतापाचं ऑफिस होतं. तिथल्या डासवाल्या साहेबांना पिशव्या उचलायला आणि गोठ्यागोठ्यात न्यायला डोंगरपट्टीतला माणूस पाहिजे होता. माझी शाळा सातवीत सुटलेली, भाताची झोडणी संपली की हाताला काम नाही, आणि कशेळ्याच्या पुढची एकूण एक पायवाट मला ठाऊक. साहेबांनी एवढंच विचारलं, "गाईबैलांना घाबरतोस का?" मी म्हटलं, "नाय." लागलो कामाला. आमच्या आयला बाया विचारायच्या, "पोरगा कुठं चिकटला गं?" ती सांगायची, "डाक्टरच्या हाताखाली." अगदीच खोटं नव्हतं. पण मी नळी घेऊन निघालो की गावातली पोरं ओरडायचीच, "डास्या, एक आमच्या घरात पण हाय रं, ने धरून!"

काम सकाळचं. उजाडताना गोठ्यात शिरायचं, भिंतीला नाक लावायचं आणि बॅटरीचा उजेड तिरका टाकायचा. हातात काचेची नळी, तिच्या मागे रबराची नळी, दोन्हींच्या मधे बारीक जाळी. रबराचं टोक तोंडात धरायचं, काच डासाजवळ न्यायची आणि हलकेच श्वास ओढायचा. डास नळीत. मग कागदी पेल्यावर जाळी ताणलेली असायची, तिच्या भोकातून फुंकून त्याला आत सोडायचा आणि भोकाला कापूस लावायचा. पहिल्याच दिवशी माझी मधली जाळी सरकली आणि डास थेट घशात. मी खोकून खोकून लाल. साहेब म्हणाले, "गिळलास? अरे, तो चांगला भरलेला होता!" त्यांना माझ्यापेक्षा डासाचं वाईट वाटलं. पण मला ते काम आवडायला लागलं. सकाळचा गोठा म्हणजे ऊब. बैल रवंथ करतोय, कुठं भांड्यात दुधाची धार वाजतेय, शेजारी चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज. घरची बाई आधी संशयानं बघायची, मग कोरा चहा आणून द्यायची आणि विचारायची, "एवढ्या डासांचं करता काय? भाजी?"

मला शाळेनं जे शिकवलं ते मी विसरलो, पण साहेबांनी शिकवलेलं अजून डोक्यात आहे. चावते ती मादी. नर बिचारा झाडापाल्याचा, फुलांचा रस पिऊन राहतो. मादीला अंडी घालायला रक्त लागतं. रक्त पिऊन ती जड होते, लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर अंधारात बसून राहते. रक्त पचलं की पाण्याकडं जाते. हिवतापाची मादी आमच्याकडं गटारात जात नाही, तिला ओढ्याच्या कडेचं संथ, स्वच्छ पाणी लागतं, भातखाचरातलं लागतं. भिंतीवर बसली की ओळखू येते. साधा डास भिंतीला धरून आडवा बसतो, ही डोकं खाली आणि ढुंगण वर करून बसते. आणि मोठी गंमत म्हणजे तिला माणसापेक्षा जनावर जास्त आवडतं. साहेब तिचं पोट कागदावर दाबायचे आणि रक्ताचा तो ठिपका तपासणीला पाठवायचे. आमच्या गोठ्यांतले बहुतेक ठिपके गाईबैलांचे निघायचे. जनावर नसलं तर मात्र ती उपाशी राहत नाही, माणसाकडं वळते. आणि ताप असलेल्या माणसाला आधी चावलेली असेल, तर काही दिवसांनी तिच्या सोंडेतून तो ताप पुढच्या माणसात जातो. लग्नानंतर हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात शेवंतीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे त्यांच्यात पण नर बसून खातो आणि मादीच वणवण करते."

शेवंतीला जाऊन आता एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला. घरात माणसं आहेत, नाही असं नाही. सून चांगली आहे. संध्याकाळी ती विजेची बॅट घेऊन फिरते, फट्‌ फट्‌ आवाज येतो. मी म्हणतो, "अगं, बॅट काय फिरवतेस, फ्रिजच्या मागचं पाणी ओत, कुंडीखालच्या बशा पालथ्या घाल. हा डेंगूचा डास दिवसा चावतो आणि घरातच निपजतो." ती ओतते, पण तोंड वाकडं करून. शेवंतीनं पण ओतलं असतं, पण ओतता ओतता मला दोन शब्द सुनावले असते. ते सुनावणं आता नाही. आमच्या भोवती शहरवाल्यांचे बंगले झालेत, त्यांच्या पोहायच्या टाक्या पावसाळाभर हिरव्या होऊन पडतात, आणि धूर मारणारी गाडी मात्र आमच्या गल्लीतून जाते. असो. मला सांगायचंय ते आमच्या लग्नाचं.

शेवंतीचं माहेर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या अंगाला. घर लहान. पुढं ओटी, मागं चूल, आणि त्याच छपराखाली एका बाजूला गोठा. त्यात बैलांची एक जोडी. माझ्या सासऱ्यांची बायको लवकर गेलेली. शेवंती आणि तिचा धाकटा भाऊ, एवढंच घर. पण बैल असे की रसायनीच्या रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझ्या बाबांना विचारलं, "मुलगा करतो काय?" बाबा म्हणाले, "डास धरतो." सासऱ्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला. मग म्हणाले, "धरतो तर धरतो. दारू तर धरत नाय ना?" आणि सुपारी फुटली. ठमाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिला ही सोयरीक पसंत नव्हती. तिचं म्हणणं, सासू नसलेल्या घरात जावयाचा मान कोण ठेवणार? आमच्या घरात ठमाआत्याच्या शब्दापुढं बाबा बोलत नसत, पण त्या दिवशी बैल बघून ते खूश झाले होते, म्हणून होकार देऊन बसले.

तुळशीचं लग्न उरकलं आणि आमचं ठरलं. वऱ्हाड टेंपोनं निघालं, कशेळ्याहून कर्जत, तिथून खालापूर, आणि पुढं धूळच धूळ. रात्रीचा मुक्काम तिथंच. थंडीचे दिवस, मांडवात बाया-पोरांना कसं निजवणार? वऱ्हाड उतरवायला जानवसा पाहिजे, आणि सासऱ्यांच्या घरात जागा नाही. शेजाऱ्याचं घर मागायला सासऱ्यांचा मान आडवा आला. त्यांनी काय केलं, बैल काढून बाहेर चिंचेखाली बांधले. गोठ्याची जमीन वीतभर उकरली, नवी माती घालून चोपली, शेवंतीनं आणि शेजारच्या बायांनी ती सारवली. भिंतींना चुना दिला, वर तांदळाच्या पिठानं चौक काढला, घोटीव कागदाच्या झालरी लावल्या, दिवा टांगला. आमच्या बाया आत शिरल्या आणि बघतच राहिल्या. ठमाआत्यासुद्धा म्हणाली, "पडवी मातर झकास काढलीय हो. आपल्याकडं अशी कुणाची नाय."

मला पण काही कळलं नव्हतं; मुलगी बघायला आलो तेव्हा बैल अंगणात बांधले होते, आतला गोठा बघितलाच नव्हता. नवरदेवाला कळायचं काय असतं? डोक्याला मुंडावळ्या, अंगाला हळद, हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी पोटभर खाल्ली आणि आडवा झालो. सकाळी डोळे उघडले तर समोर पांढरीफेक भिंत, आणि तिच्यावर ओळीनं बसलेल्या, पोट लालभडक, ढुंगण वर. माझा हात नळीसाठी खिशाकडं गेला. खिशात सुपारी होती. मग खालच्या दगडी जोत्याकडं नजर गेली. त्याच्या कोपऱ्याला दावं घासून घासून खोबण पडलेली. मी उठून बसलो. शेजारी आय अंग खाजवत होती, पलीकडं ठमाआत्या स्वतःच्याच गालावर चापट्या मारत होती. रात्री बैलांच्या वासानं यायची सवय असलेल्या त्या माद्या आल्या होत्या, बैल सापडले नाहीत, वऱ्हाड सापडलं. मी काही बोललो नाही. सासरे दारात तांब्या घेऊन उभे होते, तोंड धुवायला पाणी देत होते, आणि त्यांचा चेहरा असा की कुणी वाईट बोललं असतं तर तिथंच खाली बसले असते.

घरी आलो, पूजा झाली, गोंधळ झाला. पाहुणे पांगले. शेवंतीनं चूल हातात घेतली, आयला तिची सुकटीची चटणी आवडली. आय म्हणाली, "हात चांगला हाय गं तुझा." असे थोडे दिवस गेले, आणि एका दुपारी ठमाआत्या, जी अजून आमच्याकडंच होती, तिला थंडी वाजायला लागली. अशी की बाज कटकट वाजत होती. एक गोधडी टाकली, दोन टाकल्या, शेवटी बाबा गोधडीवर बसले, तर बाबांसकट बाज हलायला लागली. मग ताप, मग घाम. दुसऱ्या दिवशी बरी, जेवली, भांडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाज वाजायला लागली. तोवर मी पडलो. बाबा पडले. आय पडली. खालच्या आळीतनं निरोप आला, वऱ्हाडात आलेली अजून माणसं पडली. घरात ठणठणीत एकच, शेवंती. ती एकाला पेज देते, दुसऱ्याच्या डोक्यावर पट्टी ठेवते, तिसऱ्याचं अंथरूण उन्हात घालते.

आणि तेच तिच्या मुळावर आलं. ठमाआत्या मधल्या बऱ्या दिवसात आयच्या उशाशी बसून म्हणाली, "बघितलंस काय? सगळी पडली आणि ही टुणटुणीत. हिच्या दारात गेलो आणि ताप घेऊन आलो. पांढऱ्या पायाची हाय पोर. आईला खाल्लं, आता आपल्याला." मी पलीकडच्या खोलीत गोधडीखाली कुडकुडत होतो, सगळं ऐकू येत होतं. शेवंतीला तर नक्कीच येत होतं, ती चुलीपाशी होती. आमची आय तशी वाईट नव्हती. पण तापात माणूस कुणाचंही ऐकतो. त्या दिवसापासून तिनं शेवंतीच्या हातचं पाणी बंद केलं. पेजेचं ताट सरकवून दिलं. बाबांना म्हणाली, "पोरीला बापाकडं पोचवा. अमावास्या होऊ दे, मग बघू."

साहेबांना मी कामावर दिसलो नाही म्हणून ते स्वतः आले. सगळ्यांची बोटं टोचून काचेवर रक्ताचे ठिपके घेतले, कडू गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही सगळे एकाच ठिकाणी झोपला होता का?" मी म्हटलं, "लग्नघरात." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यांना गोठा दिसलाच असणार. पुढं म्हणाले, "बायकोच्या माहेरी कुणाला ताप होता का, विचार." मी शेवंतीला परसात गाठलं. ती म्हणाली, "भावाला महिनाभर एकाआड एक दिवस थंडी वाजते. आमाला वाटलं, कापणीनं दमलाय."

"मग झालं तर," मी म्हटलं. "तुझ्या भावाला चावल्या, मग आमाला चावल्या. तुझ्या पायाचा काय संबंध? आताच्या आता सांगतो आत जाऊन."

तिनं माझा हात धरला. तोवर तिनं दिवसाउजेडी माझा हात कधी धरला नव्हता. "अवो, नका सांगू."

"का गं?"

"बैलांच्या जागी व्याह्याला निजवलं म्हनून गावभर व्हईल. माझा बाप जीव देईल. मला पांढऱ्या पायाची म्हनू दे. मी काय मरत नाय त्यानं."

"आणि तुला माघारी पाठवलं तर?"

"तर जाईन. बैल तरी भेटतील."

असं बोलायची ती. मला हसू पण आलं आणि रागही आला. तिचं ऐकून मी आत जायचा थांबलो, पण पेच काही सुटेना. सांगावं तर सासऱ्याची अब्रू जाते, न सांगावं तर बायको जाते. आणि बाजेवर आय, तिला गोळी द्यायची तर ती शेवंतीच्या हातून घेईना. माझी थंडीची पाळी आलेली, बाबा उठू शकत नव्हते. ठमाआत्यानं दिली तर आयनं तोंडात धरून थुंकून टाकली, कडू म्हणून. दुसऱ्या पाळीला आयचा ताप असा चढला की ती बाबांना ओळखेना, मेलेल्या भावाला हाका मारायला लागली. बाजेभोवती आम्ही सगळे जमलो, ठमाआत्या छाती बडवायला लागली, "गेली गं माझी भावजय, या पोरीनं नेली!"

तेव्हा शेवंती पुढं आली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. म्हणाली, "आत्या, तुमचे मालक कुठं निजले होते लग्नात?"

ठमाआत्या रडता रडता थांबली. "टेंपोत. डायवरबरोबर. त्याचं काय?"

"त्यांना आला ताप?"

"नाय."

"मी त्यांना पण पाणी दिलं होतं. पाया पण पडले होते. मग माझा पाय त्यांना का नाय लागला?" ठमाआत्यानं पदरानं नाक पुसलं. शेवंती म्हणाली, "तुमी निजला होता तो आमचा गोठा. बैलांचा. बैल नव्हते म्हनून डास तुमाला चावले, आणि भावाचा ताप तुमाला लागला. पडवी नव्हती ती."

ठमाआत्याचं तोंड लाल झालं. "म्हंजे मला, मला बैलाच्या जागी निजवलं तुझ्या बापानं?"

"व्हय," शेवंती म्हणाली. "माझी आई मेली, घरात माणसं मावेनात, तवा पण बापानं बैल बाहेर नव्हते काढले. त्या दिवशी काढले. थंडीत. तुमच्यासाठी. आता काय बोलायचं ते मला बोला, त्यांना नको."

बाबा गोधडीतून उठून बसले. त्यांचे दात वाजत होते. म्हणाले, "ठमाआक्का, ती जोडी तू बघितलीस ना? तसल्या बैलांना उठवून कुणी मला जागा दिली तर मी जन्मभर सांगत फिरेन. तू जरा गप."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला गप केलं. मग तिनंच पुढं सरकून आयचं डोकं मांडीवर घेतलं, तिचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि शेवंतीवर खेकसली, "बघतेस काय? घाल गोळी! वर गूळ घाल!" शेवंतीनं घातली. आयनं गिळली.

पुढच्या गोळ्या आयनं तिच्याच हातून घेतल्या, वर गूळ दोनदा मागून. साहेब शेवंतीच्या गावी गेले, तिच्या भावाला औषध सुरू झालं. मी पण बरा झाल्यावर नळी घेऊन त्याच गोठ्यात गेलो, आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त डास तिथं धरले. सासरच्या भिंतीला नाक लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण सासरे माझ्याशी बोलेनात. गोष्ट फुटायची ती फुटलीच होती. ते बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून निघून जायचे. आमच्या घरी त्यांनी वर्षभर पाऊल टाकलं नाही. माहेरचा विषय निघाला की शेवंती भांडी जोरात आपटायची.

पुन्हा थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या. शेवंतीच्या भावानं पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, वर मीठ-ओवा, मडकं पालथं घालून भोवती जाळ. आम्ही निघालो तर ठमाआत्या पिशवी भरून दारात. "मी पण येते. मला काय शेंगा आवडत नाय?" तिला नाही म्हणायची कुणाची हिंमत? शेवंती रस्ताभर माझ्याकडं बघत होती, आता ही तिथं जाऊन काय बोलते म्हणून.

सासऱ्यांनी तिला बघितलं आणि ते उभेच राहिले. हातातलं मडकं खाली ठेवायचं पण सुचेना. शेंगा खाऊन झाल्या, हात धुतले. निजायची वेळ आली तशी सासरे खालच्या मानेनं म्हणाले, "बाई, तुमाला ओटीवर हांतरून घालतो. आमी चुलीपाशी पडतो."

"ओटीवर वारा लागतो मला," ठमाआत्या म्हणाली. तिनं सरळ गोठ्याचं दार ढकललं, आत बैल बसले होते, त्यांच्या पलीकडं आपली वाकळ टाकली.

सासरे धावले. "थांबा, बैल काढतो!"

"खबरदार काढलेत तर!" ती आतून ओरडली. "डासांच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. भूक उरली तर माझ्याकडं येतील."

सासरे दारात उभे होते. आधी त्यांचे खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसले, असे की चिंचेवरचे बगळे उडाले. शेवंती धावत जाऊन मच्छरदाणी घेऊन आली. तिची दोन टोकं भिंतीला बांधली, उरलेली दोन बैलांच्या खुंट्याला. ठमाआत्या आत शिरली, पडली, आणि सकाळपर्यंत इतकी घोरली की बैलांनाच झोप लागली नाही.